सहीमागची संस्था

(1975च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने आपापल्या व्यवसायावर वीस मिनिटं बोलायचं. सकाळी आपल्या डॉक्टर मित्राने गुडघ्यांवर बोलून सगळ्यांना घाबरवलं, आता माझी पाळी. काल रात्री पंगतीत चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, टॅक्स कसा वाचवायचा? त्या चौघांना चहाच्या वेळी सांगेन, फी न घेता. आज मी दुसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहे. आम्हा सी.ए. मंडळींची एक राष्ट्रीय संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया. तिचं काम नेमकं काय, हे मला स्वतःच्या अंगावर घेऊन कळलं. ते मी आजवर बायको सोडून कुणाला नीट सांगितलेलं नाही. पन्नास वर्षांनी भेटतोय, तर सांगून टाकतो.

आपण दहावीच्या नव्या पद्धतीची पहिली तुकडी. आपल्या आधीचे अकरावीवाले आपल्याला 'कच्चे मॅट्रिक' म्हणायचे, आठवतं ना? गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही उत्तर बरोबर असलं तरी खाली ताळा लिहिला नसेल तर अर्धा गुण कापायचात. माझे असे किती अर्धे गुण गेले याचा हिशेब मी ठेवलाय, पण तो नंतर.

बी.कॉम. करून मी पुण्याला आर्टिकलशिपला गेलो. तीन वर्षं एका ज्येष्ठ सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी. व्हाउचरवर टिका मारायच्या, बेरजा तपासायच्या, गिरणीच्या गोदामात जाऊन पोती मोजायची. रात्री अभ्यास. दिल्लीहून टपालाने संस्थेची पुस्तकं यायची, त्यातले प्रश्न सोडवून परत पाठवायचे. परीक्षा मे आणि नोव्हेंबरात. मुंबईच्या फोर्टातला मुलगा आणि सांगलीतला मी, दोघांना पेपर एकच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे फार मोठं होतं. माझे वडील कोण, मी कुठल्या गल्लीतला, हे त्या उत्तरपत्रिकेला कळत नव्हतं. 1984 साली मी पास झालो. त्याच वर्षी आयकर कायद्यात 44 एबी कलम आलं. ज्या व्यापाऱ्याची उलाढाल 40 लाखांच्या वर, त्याने सी.ए.कडून हिशेब तपासून घ्यायचे. म्हणजे सरकारने आमच्या रोजगाराची सोयच केली म्हणा. मी गावात परत आलो, पाटी लावली आणि पाटीखाली रांग लागली.

आता थोडा इतिहास, कंटाळू नका. इंग्रजांच्या काळात कंपन्यांचे हिशेब तपासायचे कायदे होते, पण तपासणारा कोण असावा हे सरकार ठरवायचं. मुंबईत 1918 पासून सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमा होता, जी.डी.ए. म्हणायचे. पुढे 1932 मध्ये अखिल भारतीय पातळीवर नियम झाले आणि 'रजिस्टर्ड अकाउंटंट', आर.ए. अशी पदवी लोक नावापुढे लावू लागले. जुन्या पेढ्यांच्या कागदांवर अजून हे आर.ए. दिसतं. पण नोंदवही सरकारच्या हातात. या मंडळींचं म्हणणं, आमची परीक्षा आम्ही घेऊ, आमची नोंदवही आम्ही ठेवू आणि आमच्यातला कुणी चुकला तर त्याला शिक्षाही आम्हीच करू. देश स्वतंत्र झाल्यावर त्याचा कायदा झाला, 1949चा. 1 जुलै 1949 ला तो लागू झाला, म्हणजे राज्यघटना अमलात यायच्या आधी सहा-सात महिने. पहिले अध्यक्ष जी. पी. कापडिया. आजही 1 जुलैला आम्ही सी.ए. दिन साजरा करतो, रक्तदान वगैरे.

मराठीत आम्हाला सनदी लेखापाल म्हणतात. लोकांना वाटतं सनद म्हणजे कुठल्या तरी राजाची. विलायतेत खरंच राजाची सनद असते, चार्टर हा शब्द तिथूनच आला. आमच्याकडे राजा नाही, कायदा आहे. बोधचिन्हात मध्यभागी गरुड आहे आणि कठोपनिषदातलं वचन. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो, असा त्याचा भाव. ते योगी अरविंदांनी सुचवलं. माझ्या ऑफिसात ते चिन्ह भिंतीवर लावलेलं होतं. मी त्याच्या खालीच बसत होतो आणि झोपलो होतो.

ती गोष्ट अशी.

आपल्या सांगलीची हळद आणि हरिपूरची पेवं तुम्हाला मी काय सांगणार? श्रावणी सोमवारी संगमेश्वराला जाताना आपण ती टेकाडं बघायचो. पण बाहेरगावी गेलेल्यांसाठी आणि त्यांच्या सूनबाईंसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. त्यात हळद भरायची आणि वरून माती लिंपून तोंड बंद करायचं. हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. तोंड उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नाही, आतली हवा कोंदट असते, माणूस गुदमरतो. आणि एकदा पेव फोडलं की माल बाहेर काढावाच लागतो.

माझा एक अशील हळदीचा व्यापारी होता. आपल्या शाळेचा नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर आत्ता तुम्ही एकमेकांकडे बघायला लागाल. त्याने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतलं होतं, तारण हळदीचं. माल बँकेच्या कुलपात नसतो, व्यापाऱ्याच्याच ताब्यात राहतो. बँकेच्या मराठीत त्याला नजरगहाण म्हणतात. दरवर्षी 31 मार्चला किती माल आहे याचं सी.ए.चं प्रमाणपत्र बँकेला लागायचं. मार्च 2005 अखेर त्याने सांगितलं, चार भाड्याची पेवं भरलेली आहेत, किंमत 38 लाख. मी म्हटलं, बघायला यायला हवं. तो हसला. म्हणाला, "साहेब, बघणार काय? माती? पेव फोडलं तर आज भावात विकावं लागेल, आणि भाव पडलाय." मला पटलं. एप्रिलची घाई होती, टेबलावर पन्नास फायली होत्या, माणूस वीस वर्षांचा ओळखीचा. मी त्याच्या वहीवरून आकडे उतरवले, खाली सही केली, शिक्का मारला.

नजरगहाण मालावर कुणीच नजर टाकली नव्हती. बँकेने माझ्या सहीवर विश्वास ठेवला आणि मी त्याच्या हसण्यावर.

जुलै-ऑगस्टात पूर आला. 2005चा पूर विसरलेला माणूस या सभागृहात नसेल. हरिपुरातली कितीतरी पेवं पाण्याखाली गेली, खरीखुरी हळद कुजली, खरीखुरी माणसं बुडाली कर्जात. माझ्या अशिलानेही बँकेला कळवलं, माझी हळद गेली. बँकेचे लोक पाणी ओसरल्यावर पाहायला गेले. कुजलेल्या हळदीचा वास लपत नाही आणि त्या चार पेवांत नुसता गाळ होता. पेवमालकाने सांगितलं, ही तर दिवाळीतच रिकामी झाली.

2008 मध्ये बँकेने संस्थेकडे माझी तक्रार केली. दिल्लीहून जाड पाकीट आलं. त्यात तक्रारीची प्रत, माझ्या प्रमाणपत्राची प्रत आणि लेखी उत्तर द्या असं पत्र. माझीच सही मी परक्यासारखी बघत होतो.

आमच्या कायद्याला दोन परिशिष्टं आहेत, त्यांत गैरवर्तन म्हणजे काय ते लिहिलंय. परीक्षेसाठी मी ती पाठ केली होती. काही गमतीशीर वाटतील. जाहिरात करायची नाही. फी नफ्याच्या टक्केवारीवर ठरवायची नाही. ज्या धंद्यात आपला स्वतःचा हितसंबंध, त्याच्या हिशेबावर मत द्यायचं नाही. आणि दुसऱ्या परिशिष्टात एक कलम आहे, योग्य ती दक्षता न घेणे किंवा घोर निष्काळजीपणा. पाठ करताना हे कलम दुसऱ्यांसाठी आहे असं वाटतं.

मी चाळीस पानांचं उत्तर लिहिलं. पेवाची रचना, बाजारातला रिवाज, पेव फोडल्याने होणारं नुकसान, सगळं. वकिलाने कौतुक केलं. प्राथमिक मत माझ्याविरुद्ध गेलं आणि प्रकरण शिस्तपालन समितीपुढे आलं. मुंबईत सुनावणी झाली. समितीत पाच जण, तिघे संस्थेच्या कौन्सिलमधले सी.ए. आणि दोघे केंद्र सरकारने नेमलेले. मला शपथ दिली. सी.ए. सदस्यांनी नियमांवरचे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं माझ्याकडे होती. मग सरकारने नेमलेले एक गृहस्थ, सी.ए. नसलेले, चष्मा पुसत म्हणाले, "पेवाच्या तोंडावरची माती ताजी होती की जुनी?"

मला माहीत नव्हतं. मी पेव उघडून बघितलं नाही हे ठीक, पण मी हरिपूरला गेलोच नव्हतो. घरापासून चार-पाच किलोमीटर. पेवमालकाला पत्र टाकता आलं असतं. हमालीच्या पावत्या, मार्केट यार्डातल्या खरेदीच्या पट्ट्या मागता आल्या असत्या. काहीच पटलं नसतं तर 'मी माल पाहिलेला नाही' अशी एक ओळ प्रमाणपत्रात लिहिता आली असती. आमच्याकडे अहवाल आणि प्रमाणपत्र यात फरक आहे. अहवाल म्हणजे माझं मत. प्रमाणपत्र म्हणजे हे असं आहे, मी सांगतो. मी ताळा न करता उत्तर लिहिलं होतं, बाई.

म्हटलं, "नाही साहेब. मी गेलो नव्हतो." चाळीस पानं तिथेच संपली.

तीन महिन्यांसाठी माझं नाव नोंदवहीतून काढण्यात आलं.

तीन महिने ऐकायला थोडे वाटतात. पण नाव नोंदवहीत नाही म्हणजे त्या दिवसापासून मी सी.ए. नाही. सही करायची नाही, नावापुढे ती दोन अक्षरं लावायची नाहीत. माझा एकट्याचाच व्यवसाय, भागीदार कुणी नाही. रविवारी रात्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी स्वतः पाटी उतरवली. शेजारच्या दुकानदाराला सांगितलं, रंगवायला दिली आहे. लोकांना सांगितलं, मुलाकडे बंगळुरूला चाललोय. गेलो नाही. दार लावून घरात बसलो.

पण एका ठिकाणी खोटं बोलणं शक्य नव्हतं. माझ्याकडे दोन मुलं आर्टिकलशिप करत होती. माझं नाव निघालं की त्यांची उमेदवारी माझ्याकडे चालत नाही, त्यांना दुसऱ्या सी.ए.कडे जावं लागतं आणि कागद संस्थेकडे पाठवावे लागतात. त्या दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. एकवीस-बावीस वर्षांची पोरं. मुलगा खाली बघत राहिला. मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला तर तुम्ही प्रत्येक गोदामात पाठवता." खरं होतं. 2005 नंतर मी आर्टिकल मुलांना कोंबड्या मोजायला पोल्ट्रीतसुद्धा पाठवत होतो.

आणि मग ते पत्र आलं. आमच्या परिशिष्टात आणखी एक कलम आहे, की दुसऱ्या सी.ए.कडे असलेलं ऑडिट घ्यायचं तर आधी त्याला लेखी कळवल्याशिवाय घ्यायचं नाही. बाहेरच्यांना हा शिष्टाचार वाटतो. खरं कारण असं, की आधीच्या माणसाला काही संशयास्पद दिसलं असेल, त्याने सही नाकारली म्हणून अशील पळ काढत असेल, तर नव्या माणसाला ते कळावं. माझे काही अशील गावातल्याच एका तरुण सी.ए.कडे गेले. तो माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने रजिस्टर पोस्टाने नियमाप्रमाणे पत्र पाठवलं, अमुक संस्थेचं ऑडिट मला देऊ केलं आहे, आपली काही व्यावसायिक हरकत असल्यास कळवावे. खाली सही. तो घरी येऊ शकला असता, फोन करू शकला असता. पण त्याने पत्र लिहिलं, कारण हे पत्र लिहायला मीच त्याला शिकवलं होतं. मी उत्तर दिलं, हरकत नाही. नाव लिहिलं, पुढे काही लावलं नाही.

तुम्ही म्हणाल, यात संस्थेचं कौतुक काय? कौतुक करायला मी उभा नाही. कावळ्यांचा न्याय कावळ्यांनीच करायचा का, असा प्रश्न लोक विचारतात आणि तो रास्त आहे. कौन्सिलच्या चाळीस जागांपैकी बत्तीस आम्ही सभासद निवडून देतो. म्हणजे ज्यांनी माझा न्याय केला त्यांच्यापैकी एकाला मी मत दिलेलं असू शकतं. माझं प्रकरण चालू असतानाच, 7 जानेवारी 2009 ला, सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली. पाच हजार कोटींहून जास्त रोख आणि बँकशिल्लक फक्त कागदावर होती. टीव्हीवर ती बातमी बघताना मला माझी चार पेवं दिसत होती. आकडा सोडला तर फरक काय? कुणीतरी जाऊन बघायचं ते बघितलं नव्हतं.

त्या प्रकरणानंतर देशभर चर्चा झाली की मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांवर नजर ठेवायचं काम आमच्याच संस्थेकडे राहावं का. 2013च्या कंपनी कायद्यात वेगळ्या प्राधिकरणाची तरतूद झाली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये ते स्थापन झालं, एन.एफ.आर.ए. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि इतर मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांची चौकशी आता ते करतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. आमचा अधिकार गेला म्हणून कुरकुर झाली. 2022च्या दुरुस्ती कायद्यात तर शिस्तपालन समितीचा अध्यक्ष सी.ए. नसलेला असावा अशी तरतूद आली, तेव्हा शाखेच्या बैठकीत एक मित्र तावातावाने म्हणाला, बाहेरच्या माणसाला आमच्या कामातलं काय कळतं? मी गप्प बसलो. मला मातीबद्दल विचारणारा बाहेरचाच होता.

पण दुसरी बाजूही सांगतो. आमच्या नोंदवहीत आज चार लाखांहून जास्त नावं आहेत. तुम्ही घरकर्ज घेता, मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी उत्पन्नाचा दाखला काढता, पतसंस्थेत ठेव ठेवता, तेव्हा कुठेतरी यातल्या एकाची सही असते. त्या माणसाला तुम्ही ओळखत नाही. ओळखायची गरज पडू नये म्हणून ही नोंदवही आहे, आणि नाव खोडता येतं म्हणूनच ती नोंदवही आहे, नाहीतर टेलिफोन डिरेक्टरीच की. ज्या दिवशी माझं नाव खोडलं त्या दिवशी मला संस्थेचा राग आला होता. तो किती दिवस टिकला हे विचारू नका. टिकला.

एक उपयोगाची गोष्ट सांगतो, तेवढी लक्षात ठेवा. आमच्या नावाने खोट्या सह्या करणारे, सी.ए. नसताना दाखले देणारे लोक निघाले. म्हणून संस्थेने फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक प्रमाणपत्रावर यू.डी.आय.एन. नावाचा क्रमांक सक्तीचा केला, अठरा अक्षर-अंकांचा. त्यात त्या सी.ए.चा सभासद क्रमांक असतो. तो क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कागद खरंच नोंदवलेला आहे का, कुणी नोंदवला, ते कुणालाही बघता येतं. पतसंस्थेचे संचालक इथे तिघे तरी बसलेत. दाखला हातात आला की नातवाला सांगा, क्रमांक टाकून बघायला. दोन मिनिटांचं काम आहे. मात्र सही खरी आहे एवढंच त्यातून कळतं. सही करणारा हरिपूरला जाऊन आला का, हे तो क्रमांक सांगत नाही.

तीन महिन्यांनी नाव परत नोंदवहीत आलं. पाटी पुन्हा लावली. भिंतीतली जुनी भोकं सैल झाली होती, नवी पाडावी लागली. जुनी चार भोकं अजून दिसतात, बुजवायची राहून गेली. गेलेल्या अशिलांपैकी काही परत आले, काही नाही आले. त्या मुलीने पुढे अंतिम परीक्षा पास केली, तिची पाटी आता माझ्यापेक्षा मोठ्या रस्त्यावर आहे.

शेवटचं, आणि हे समितीच्या वतीने. या मेळाव्याच्या जमाखर्चाचं ऑडिट मी करावं असं कोषाध्यक्षांनी सुचवलं होतं. मी समितीत आहे, त्यामुळे ते मला करता येणार नाही, म्हणून ते त्या मुलीकडे दिलंय. तिने काल रात्री फोन केला होता. मंडपवाल्याची 340 रुपयांची पावती सापडत नाही. ज्याच्याकडे असेल त्याने चहाच्या आधी आणून द्यावी. ती ऐकणारी नाही.